गिटारचा उजवा हात : वाचकांच्या शंका

गेल्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो, की गिटार शिकणारे काळजी डाव्या हाताची करतात आणि रडवतो मात्र उजवा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की पेटीच्या भात्याचे आणि तंबोऱ्याच्या जवारीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. नव्या वाचकांसाठी सांगतो. बडोद्याला दांडिया बाजारात मी गिटार शिकवतो. त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात, आणि नवरात्रात गरब्याच्या स्टेजवर, मागे उभा राहून नुसती रिदम गिटार वाजवली. पुढे येऊन सोलो वाजवणारे वेगळे आणि त्यांच्याकडे वळणाऱ्या माना वेगळ्या. खाली जे आहे ते मागच्या रांगेतल्या माणसाचं मत आहे, एवढं धरून चाला.

बँकेतून निवृत्त झालो. आमच्या भजनी मंडळात टाळ वाजवतो. मुलाची पडून असलेली गिटार हौसेने काढली. ई मायनर, जी, सी, डी या कॉर्ड लागतात. व्हिडिओत दाखवतात तो ‘खाली, खाली-वर, वर-खाली-वर’ हा पॅटर्न एकाच कॉर्डवर जमतो. कॉर्ड बदलायची वेळ आली की हात थबकतो आणि परत कुठून उचलायचं ते कळत नाही. वय झालं म्हणून असेल का?
— एक वाचक, मांजलपूर

वयाचा इथे काडीचा संबंध नाही. अठरा वर्षांची पोरंही नेमकी इथेच अडकतात. ती कंटाळून गिटार कपाटावर टाकतात, तुम्ही पत्र लिहिलंत.

टाळ वाजवता म्हणजे केरवा तुमच्या अंगात मुरलेला आहे. तो पॅटर्न आपण केरव्याच्या आठ मात्रांवर मांडून बघू: धा गे ना ती, न क धिं ना. आता गिटार बाजूला ठेवा आणि उजवा हात हवेत प्रत्येक मात्रेला हलवा. १, ३, ५, ७ ला खाली. २, ४, ६, ८ ला वर. यात बदल नाही. गाणं कुठलंही असो, पॅटर्न कुठलाही असो, हात असाच चालत राहणार. पॅटर्न म्हणजे एवढंच, की आठांपैकी कुठल्या मात्रांना पिक, म्हणजे तारा छेडायची ती छोटी पट्टी, तारांना लागू द्यायचं आणि कुठल्या मात्रांना तारांसमोरून मोकळं जाऊ द्यायचं. तुमच्या पॅटर्नमध्ये १ वाजते, २ सुटते, ३ आणि ४ वाजतात, ५ सुटते, ६, ७, ८ वाजतात. संपला पॅटर्न.

आता ती सुटलेली पाचवी बघा. केरव्याची खाली, म्हणजे टाळी न देता मोकळी सोडायची मात्रा, कुठे येते? पाचवीवर. डग्गा तिथे घुमत नाही. गायनाच्या वर्गात हातावर ताल धरताना पहिल्या मात्रेला टाळी देतो आणि पाचवीला हात हवेत फिरवतो. त्या हवेतल्या हाताचा ज्याला कंटाळा, त्याची लय पळते, हे तुमच्या मंडळातल्या कुठल्याही पखवाजवाल्याला विचारा. व्हिडिओतल्या त्या परदेशी वाटणाऱ्या पॅटर्नमध्ये खाली अशी बरोब्बर खालीच्याच जागी बसलेली आहे. मला हे फार आवडतं. नवा विद्यार्थी आला की पहिल्याच दिवशी मी त्याला हे दाखवतो, आणि ज्याने लहानपणी चार महिने जरी पेटी-तबला केलेला असतो, त्याच्या तोंडावर लगेच उजेड पडतो.

घोटाळा होतो तो बाण काढून शिकवण्यामुळे. बाणांच्या चित्रात वाजणारे फटके दिसतात, हवेतला हात दिसत नाही. बघणारा चौथ्या मात्रेला वर मारतो, पाचवीला हात वरच धरून ठेवतो, आणि सहावीला पुन्हा वर मारायचं असतं म्हणून घाईघाईने हात खाली आणतो. एका कॉर्डवर ही लबाडी खपून जाते. कॉर्ड बदलताना लक्ष डावीकडे गेलं, की उजव्याला घाई करायला कोणी उरत नाही, आणि तो थबकतो. तुमचं दुखणं कॉर्ड बदलताना दिसतं, पण ते आहे पाचव्या मात्रेत.

(बाणांशी माझं वैर नाही. ताल-सूर कागदावर उतरवण्याचं बडोद्याला वावडं कधीच नव्हतं. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली इथे गायनशाळा सुरू झाली, ती चालवणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली होती. पण कुठल्याही गायनशाळेत मुलाला आधी हातावर टाळी-खाली मोजायला लावतात, कागद मागाहून येतो.)

आता करायचं काय ते सांगतो. डाव्या हाताची बोटं सहाही तारांवर आडवी, नुसती टेकवून ठेवा, दाबायची नाहीत. तारा मुक्या होतील, ‘छक’ असा आवाज येईल. मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा. एका ठोक्यात दोन मात्रा, म्हणजे एक खाली आणि एक वर. तोंडाने केरव्याचे बोल म्हणायचे, मोठ्याने, आणि आठही मात्रा वाजवायच्या. ते संथ वाटायला लागलं की दुसरी मात्रा सोडा. बोल मात्र ‘गे’ म्हणत राहा आणि हात वर जाऊ द्या. मग पाचवी सोडा. तिथे ‘न’ म्हणताना हात तारांपासून बोटभर लांबून खाली उतरला पाहिजे. आरशासमोर बसा, नाहीतर फोनवर हाताचं चित्रण करा आणि आवाज बंद करून बघा. आवाज नसताना तो हात नुसता सरळ खाली-वर चालताना दिसला पाहिजे. पॅटर्न कुठला ते चित्रणावरून ओळखता येत नसेल, तर हात उत्तम चालला आहे.

जोर कुठे द्यायचा हे व्हिडिओवाले बहुतेक सांगत नाहीत. सिनेमाच्या गाण्यात ड्रमचा स्नेअर तुमच्या तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. तुमचे ते दोन्ही फटके खालचेच आहेत, तिथे जोर द्या. भजनात उलट करा. पहिल्या मात्रेला जाड तारा भरून वाजवा, बाकी सगळं हलक्या हाताने. पॅटर्न तोच, पण मंडळात बसल्यासारखा वाटेल.

आणि कॉर्ड बदलायची युक्ती. आठव्या मात्रेला, म्हणजे शेवटच्या वरच्या फटक्याला, डावा हात खुशाल उचला. त्या क्षणी मोकळ्या तारा वाजतील. वाजू द्या. तो फटका क्षणभराचा, हलका, दोन-तीन बारीक तारांवरचा असतो, ऐकणाऱ्याला तो खुपत नाही. स्टेजवरचे भले भले हेच करतात. बोटांना नव्या जागी पोचायला अर्धा ठोका मिळतो, तेवढा ६० च्या लयीत पुरतो. तरी एखादं बोट मागे राहिलं तर राहू दे, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला येईल. अर्धीमुर्धी कॉर्ड चालते, थांबलेला हात चालत नाही. मंडळात एखादा बुवा शब्द विसरला म्हणून तुम्ही टाळ खाली ठेवता का?

सुरुवातीला ई मायनर आणि जी एवढ्याच दोन कॉर्ड घ्या. प्रत्येकीवर दोन आवर्तनं, म्हणजे आठ मात्रांचे दोन फेरे. डी मागाहून घ्या. तिच्यात चारच तारा वाजवायच्या असतात, त्यामुळे उजव्याला नवीन पंचाईत.

पिक वापरतो तेव्हा वर मारताना ते तारांत अडकतं, कधी फिरतं, कधी सुटून भोकातून आत पडतं. बोटांनी वाजवलं तर आवाज बसका येतो. काय करू?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फतेगंज

मित्रा, तुझं पिक बहुतेक जाड आहे आणि तू ते घट्ट धरतोस. दुकानदार गिटारसोबत जे फुकट देतो ते फार करून कुठलंही हाताला लागलेलं असतं. पिकवर जाडी छापलेली असते. ०.४६ ते ०.६० मिलिमीटरमधलं घे. ०.७३ हे त्यापुढचं, आणि एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिकं सुटे सूर वाजवणाऱ्यांसाठी. पातळ पिक तारेवर वाकतं, म्हणून हाताची चूक पोटात घालतं.

तर्जनी वाकव, तिच्या पेराच्या कडेवर पिक ठेव आणि वरून अंगठा टेकव. टोक थोडंसंच बाहेर राहू दे. पकड इतकीच, की दुसऱ्याने ओढलं तर निघून येईल. वर मारताना टोक किंचित खालच्या दिशेने कललेलं असू दे, म्हणजे ते तारांवरून घसरत येतं.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. वर मारताना सहाही तारा वाजवायच्या नसतात. जमिनीकडच्या दोन-तीन बारीक तारा लागल्या की हात बाहेर. सगळ्या तारा खरवडत वर जायला गेलास, तर अडकणारच. आणि हालचाल कोपराने करू नकोस. ओल्या हाताचं पाणी झटकताना मनगट कसं सैल सुटतं, तसं सोड. पाच मिनिटांत दंड भरून आला तर समज, की मनगट आखडलं आहे.

आत पडलेलं पिक काढायला गिटार उपडी धर, हलवत हलवत पिक भोकाच्या बाजूला आण आणि एक हलका झटका दे. माझ्या वर्गात हे रोज कोणी ना कोणी करत असतं.

मी तबल्याची मध्यमा परीक्षा दिली आहे. या वर्षी गिटार सुरू केली. केरवा छान बसतो. पण दादरा घेतला की चौथ्या मात्रेला हात वर जातो आणि दुसऱ्या अर्ध्याची सुरुवात कमजोर वाटते. शिवाय सोसायटीच्या मुलांनी नवरात्रात गरब्याला साथ करायला सांगितलंय. हींच गिटारवर कशी वाजवायची?
— एक वाचक, वय १९, कारेलीबाग

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. प्रश्न विचारतानाच तू अर्धं उत्तर लिहून बसली आहेस.

दादरा सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. खाली-वर करत गेलं तर १, ३, ५ खाली आणि २, ४, ६ वर. चौथी मात्रा वरच्या फटक्यावर पडते आणि वरचा फटका बारीक तारांवरचा, हलका. तुला ते कमजोर वाटतं. पण दादऱ्याची खाली कोणत्या मात्रेवर असते ते तूच मला सांग. चौथीवर! मग ती हलकी वाजली तर बिघडलं कुठे? पहिल्याला जाड तारांसकट भरून ‘धा’, आणि चौथीला बारीक तारांवरचं नुसतं खणकन. भावगीत, अभंग, गझल यांच्या साथीला हे इतकं शोभतं, की मी मुद्दाम दुरुस्त करू देत नाही.

पंचाईत होते ती ऑक्टोपॅड किंवा ड्रमबरोबर वाजवताना. तिथे चौथीवर स्नेअर येतो आणि तुझा हात नेमका वर चाललेला असतो. अशा वेळी दोन वाटा आहेत. एक म्हणजे वरचा फटका जोरात मारायला शिकायचं. याला वेळ लागतो, पण यायला हवं. दुसरी वाट ‘खाली-खाली-वर, खाली-खाली-वर’. यात १ आणि ४ दोन्ही खाली येतात, मात्र १ आणि २ मध्ये हात पटकन उचलून परत आणावा लागतो. मांजलपूरच्या वाचकांना मी वर ठासून सांगितलं, की खाली-वरच्या क्रमात कधीच बदल नाही. ते आठ मात्रांपुरतं घ्या. सहात हा एक अपवाद मी चालवून घेतो, तोही मध्यलयीपर्यंत. लय वाढली की दोन खालच्या फटक्यांमधला तो उचललेला हात दमायला लागतो.

लय अगदी विलंबित असेल तर तिसराच हिशेब. प्रत्येक मात्रेला हात खाली आणि मधल्या जागी वर. मग सगळ्याच मात्रा खालच्या फटक्यावर येतात आणि मधले वरचे फटके हवे तिथे वाजवायचे, नको तिथे सोडायचे. पहिला फटका एकट्या जाड तारेवर आणि पुढचे दोन कॉर्डवर, असं करून बघ. अंगाईला फार गोड लागतं.

आता हींच, म्हणजे गरब्याचा ठेका. तीही सहाच्या अंगाची, पण गरबा चढला की सहा मात्रा मोजत बसायला सवड नसते. पाय दोनच ठोके मानतात, प्रत्येक ठोक्यात तीन. तिथे प्रत्येक तिनातली पहिली वाजव खाली, तिसरी वाजव वर, मधली सोडून दे. म्हणजे खाली जाताना हात लांबून, सावकाश, आणि वर येताना झटकन. लांब-आखूड, लांब-आखूड. हात इथे परत अखंड खाली-वर चालायला लागतो, म्हणून रात्रभर दमत नाही. हे मेट्रोनोमवर शिकू नकोस. उभी राहा, गिटार पट्ट्याने गळ्यात अडकव आणि त्रण ताळीची पावलं जागच्या जागी घालत वाजव. बडोद्याच्या मुलीला हींच पायाकडून हाताकडे येते, कागदाकडून नाही.

स्टेजवरची एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. गरब्याला २०२३ साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली, पण ढोलाच्या शेजारी उभ्या राहिलेल्या गिटारवाल्याला अजून मिळालेली नाही. तू कितीही भरभरून वाजवलंस तरी जाड तारांचा आवाज ढोल गिळून टाकतो आणि मागे नुसता गलका उरतो. म्हणून जाड तारा सोडून दे. बारीक चार तारांवर आखूड, तुटक फटके मार, आणि प्रत्येक फटका वाजला की डाव्या हाताची बोटं सैल करून आवाज लगेच मिटव. तो ‘चक्’ ढोल आणि टाळ्यांच्या मधल्या फटीतून बरोबर बाहेर येतो. गिटार वेगळी अशी कोणाला ऐकू येणार नाही. ती थांबली तर मात्र नाचणाऱ्यांना काहीतरी कमी झाल्यासारखं वाटेल. रिदमवाल्याला याहून वेगळी दाद मिळत नाही, आतापासून सवय करून घे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. मोठ्या भावाची स्टीलच्या तारांची गिटार घेतो, दहा मिनिटांत बोटं लाल होतात आणि रडकुंडीला येतो. सोडून द्यायला लावू का?
— एक आई, अलकापुरी

ताई, गिटार सोडायला नका लावू, भावाची गिटार सोडायला लावा. नऊ वर्षांच्या मुलाला पाऊण मापाची, दुकानदार जिला साधारण ३६ इंची म्हणतात, ती घ्या, नायलॉनच्या तारांची. मोठीवर त्याचा उजवा दंड खोक्याच्या वरून नीट येतच नसेल, मग खांदा उचलून वाजवत असणार. तसल्या खांद्यातून लय निघत नाही. नायलॉनच्या तारांना ताण कमी, बोटांना सोसतात. एक मात्र लक्षात ठेवा. नायलॉनच्या गिटारला पुढे कधी स्टीलच्या तारा चढवू देऊ नका, आवाज मोठा येईल असं कोणी कितीही सांगो. तिचं लाकूड तेवढा ताण सोसायला बांधलेलं नसतं, ब्रिज, म्हणजे खोक्यावर तारा अडकवलेली पट्टी, उचकटून येतो.

बोटांची कातडी काही आठवड्यांत घट्ट होते. तोवर दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं पुरे, आणि अंघोळीनंतर लगेच नको, तेव्हा कातडी मऊ असते. कॉर्डही छोट्या घ्या. सर्वांत बारीक तार तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या घरात, एका बोटाने दाबली आणि बारीक तीनच तारा वाजवल्या, की त्याची जी झाली. दुसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबली की सी. डाव्या हाताचं काम एका बोटावर आलं, की सगळं लक्ष उजव्याकडे जातं आणि मूल आठवड्याभरात ‘गाणं’ वाजवायला लागतं. रडणं तिथे थांबतं, असा अनुभव आहे.

सराव तबल्याच्या ॲपवर करावा की मेट्रोनोमवर?
— एक वाचक, रावपुरा

रोजचा तबल्यावर. खाली कुठे आली ते कानाला कळतं आणि कंटाळा येत नाही. पण आठवड्यातून एकदा मेट्रोनोम लावाच. तबला भरलेला असतो, तुमच्या चुका त्यात झाकल्या जातात. मेट्रोनोमची टिकटिक काही झाकत नाही.

मुलगी डावखुरी आहे. तिच्यासाठी उलटी गिटार घ्यावी का?
— एक वडील, गोत्री

तिला न सांगता एक बघा. टेबलावर ताल धरते तेव्हा कोणता हात आपणहून पुढे येतो? लिहायला डावा आणि ताल धरायला उजवा, अशी मुलं मी बरीच पाहिली आहेत. त्यांना साधी गिटार बिनबोभाट जमते. ताल धरायलाही डावाच येत असेल, तरी थोडे दिवस साधीवर बसवून बघा, कारण डावखुऱ्यांच्या गिटारी दुकानात कमी मिळतात आणि पुढे दुसऱ्या कोणाची गिटार हातात घेऊन वाजवता येत नाही. पण तिचा उजवा हात लाकडासारखा राहिला, तर हट्ट करू नका, डावखुरीच घ्या. साध्या गिटारच्या तारा उलट्या चढवून काम भागवायचं मात्र नाही. वरच्या खाचा जाड-बारीक तारांच्या मापाने कापलेल्या असतात, आणि ब्रिजवरची पट्टीही एका बाजूला तिरकी असते. उलटं केलं की सूरच लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं, तेव्हा गिटार भिजली. नंतर वाळवून ठेवली होती. आता काढली तर तारा गंजल्यात आणि हात मारला की खरखरतं. वाजवायला सुरुवात करू का?
— एक वाचक, समा

आत्ताच नको. आधी सगळ्या तारा सैल करा. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो, आणि पाण्याने डिंक सुटलेल्या जोडावर तो घालणं म्हणजे गिटार हाताने मोडणं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून बघा. आत जात असेल, किंवा ब्रिजमागचं लाकूड फुगून वर आलेलं दिसत असेल, तर थेट दुरुस्तीवाल्याकडे न्या. तसं काही नसेल तर गंजलेल्या तारा फेकून द्या आणि नवा संच घ्या, ज्यातली सर्वांत बारीक तार .०१० इंचाची असते तो, म्हणजे ताण थोडा कमी पडेल. खरखर राहिली तर ती आतल्या एखाद्या सुटलेल्या पट्टीची असेल. आणि पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसायच्या, ही सवय सगळ्यांनीच लावून घ्या. घामाने गंज चढलेल्या तारेवर पिक घसरत नाही, ओढलं जातं.

मी भावगीतं म्हणते. नुसतं वाजवलं तर हात बरोबर चालतो, नुसतं गायलं तर गाणं बरोबर. दोन्ही एकत्र केलं की हात शब्दांच्या मागे धावायला लागतो. माझी पट्टी काळी चार आहे, तिला कॉर्ड कोणत्या घ्याव्यात?
— एक काकू, बाबाजीपुरा

पट्टीचं आधी, कारण ते सोपं आहे. कापो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर लावा आणि जी, सी, डी, ई मायनर या नेहमीच्याच कॉर्ड वाजवा. जी म्हणजे पांढरी पाच, एक घर वर सरकली की तुमची काळी चार. घरात कोणी काळी एकमध्ये गाणारं असेल, तर कापो तिथेच ठेवून सी च्या घरच्या कॉर्ड वाजवा. कापो फ्रेटच्या धातूला अगदी लागून बसवा, नाहीतर तारा झणझणतात.

आता हात. तुम्ही प्रत्येक अक्षराला एक फटका देत असणार. पेटीवर गाणाऱ्यांना ही खोड हमखास असते, कारण पेटीवर बोटं चालीबरोबर चालतात. गिटारवर चाल गळ्याची आणि चक्र हाताचं, दोघांचा संबंध समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आला तरी पुष्कळ झाला. गाण्याच्या वहीत प्रत्येक ओळीत सम कुठल्या अक्षरावर पडते तिथे पेन्सिलने खूण करा. पुष्कळ गाण्यांत मुखडा समेच्या आधीच उठतो, दोन-तीन अक्षरं अलीकडे. आपण मात्र पहिला शब्द आणि पहिला फटका एकत्र सुरू करतो आणि तिथेच गाडं फसतं. म्हणून हात आधी सुरू करायचा. दोन आवर्तनं नुसती जाऊ द्यायची आणि मग शब्द त्यांच्या जागेवरून घ्यायचे.

गाऊ नका मात्र लगेच. पहिले काही दिवस ओळी नुसत्या बोलायच्या, बातम्या वाचल्यासारख्या, आणि हात मुक्या तारांवर चालू. ते जमलं की एकाच सुरावर म्हणायच्या, आणि चाल सगळ्यात शेवटी. त्याच्याही आधीचा एक धडा आहे, त्याला वही लागत नाही. संध्याकाळी एका कॉर्डवर हात चालू ठेवून बसा, आणि घरातल्यांना सांगून ठेवा, की येता-जाता काहीही विचारा. भाजी कुठली करायची, लाइटबिल भरलं का, मावशीचा फोन आला होता का. हात न थांबवता, लय न हलता सरळ उत्तर देता यायला लागलं, की पहिलं गाणं घ्या. मधल्या लयीचं, केरव्यातलं घ्या.